लिहायला बसलं की धडधडतं, काय करू?

प्रश्न : मी कथा लिहिते. यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा मागितली आहे. एरवी सुचतं, पण आता वही उघडली की छातीत धडधडतं. दोन ओळी लिहिते, खोडते, मोबाइल हातात घेते आणि तास निघून जातो. मन थाऱ्यावर कसं आणू?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : ही धडधड प्रतिभा आटल्याची खूण नाही. धोका जाणवला की शरीरात अॅड्रेनॅलिन वाढतं, ठोके वाढतात आणि लक्ष धोक्याकडेच खिळतं. इथे धोका आहे तो ‘कथा पडली तर लोक काय म्हणतील’ हा. तुम्ही वहीपुढे बसता, पण मन दिवाळीतल्या वाचकांपुढे उभं असतं. मोबाइलमुळे त्या अस्वस्थतेतून क्षणभर सुटका मिळते, म्हणून हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती अशा चिंतेचं मूळ हट्टात शोधते. कथा चांगली व्हावी, ही इच्छा तुम्हाला कामाला लावते. ती चांगली झालीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी, हा हट्ट मात्र हात बांधून ठेवतो. इच्छा ठेवा, हट्ट सोडा.

मग मनाला आजचं, आवाक्यातलं काम द्या. उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी ‘गीताई’ ७ ऑक्टोबर १९३० रोजी लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पुरी केली. सातशे श्लोक, चार महिने. म्हणजे सरासरी रोज पाच-सहा. रचलेले श्लोक ते वर्ध्याच्या आश्रमातल्या मुलींना शिकवत आणि त्या जिथे अडखळत, तिथे दुरुस्ती करत. रचणं आणि पारखणं या दोन्ही गोष्टी झाल्या, पण आपापल्या वेळी.

तुम्हीही तसंच करा. उद्या अख्खी कथा लिहायची नाही, एकच प्रसंग लिहायचा. सासू-सून भांडतात, तर फक्त ते भांडण. पंचवीस मिनिटांचा गजर लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, खोडाखोड दुसऱ्या दिवशी करा. नोकरीसाठी मुंबईला जात असाल, तर पनवेलहून लोकल सुटते, बसायला जागा मिळते. वाशीपर्यंतचा सुमारे अर्धा तास त्या प्रसंगाला द्या. थांबताना पुढचं वाक्य मनात तयार असेल, तर त्याचे दोन शब्द टिपून ठेवा; दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची भीती वाटत नाही. धडधड वाढलीच, तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. चार-पाच मिनिटांत ठोके उतरू लागतात. कच्ची कथा आधी एकाच विश्वासू माणसाला वाचून दाखवा. संपादकांकडे नंतर पाठवा.

मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, लिखाण नसतानाही भीती पाठ सोडत नसेल, तर हे उपाय पुरणार नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला. सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं. मदत मागण्यात कमीपणा मानू नका. कथा पुढच्या वर्षीही छापता येईल, आधी तुम्ही ठणठणीत असायला हव्यात.