सिकलसेलचे मूल आणि शाळा

सुरत जिल्ह्यातील मांडवी, महुवा या भागांत चौधरी, गामीत, वसावा समाजांत सिकलसेल आढळतो. नंदुरबार-धुळ्याकडील भिल्ल-पावरा कुटुंबांतही. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय, पाठ, पोट असह्य दुखते. गुरुजींना हे ठाऊक नसेल तर मूल आळशी ठरते.

म्हणून पालकांनो, शाळा उघडताच एवढे करा:

१. सरकारी दवाखान्यातून आजाराची लेखी चिठ्ठी घ्या. अर्जासोबत ती मुख्याध्यापकांना द्या व आपल्या प्रतीवर पोच घ्या.

२. अर्जात मागा: वर्गात पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मोकळीक, उन्हातल्या कवायतीतून सूट, थंडीत स्वेटरची परवानगी, बुडालेला अभ्यास भरून घेण्याची सोय.

३. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, डोळे-ओठ एकाएकी पांढरे पडणे दिसताच मुलाला एकटे घरी धाडू नये; तडक दवाखान्यात न्यावे व पालकांना कळवावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो.

हा आजार आईवडिलांकडून रक्तातून येतो, शेजारी बसल्याने लागत नाही. हे वर्गातही एकदा सांगायला लावा.