घरची अन्नपूर्णा आणि तिच्या रक्तातील लोह

गृहिणीला अन्नपूर्णा म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. स्वयंपाक ती करते, वाढते ती, आग्रहही तीच करते. परंतु सर्वांची पाने उठल्यावर तिच्या स्वतःच्या ताटात काय उरते, हे मात्र घरात सहसा कोणी पाहत नाही. उसळ संपलेली असते, भाजी तळाशी चमचाभर राहिलेली असते. मग आमटीचे पाणी, भात आणि लोणच्याची फोड यांवर तिचे जेवण आटोपते, आणि लगेच चहाचे आधण चढते. पोट भरते, यात शंका नाही. पण पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. या लेखात आपण एकाच पोषकद्रव्याचा, म्हणजे लोहाचा, विचार करणार आहोत. कारण त्याची उणीव आपल्या घरांत सर्वांत अधिक आहे आणि ती बहुतेक वेळा ताटातूनच सुरू होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शेकडा २५ होते. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकांत शेकडा ६७. म्हणजे निम्म्याहून अधिक स्त्रिया! हा आकडा केवळ गरीब वस्त्यांचा नाही. दोन्ही वेळा चूल पेटणाऱ्या, फळफळावळ परवडणाऱ्या घरांतही ही व्याधी आहे.

लोहाचे काम काय?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसांतील प्राणवायू उचलून तो शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचविणे हे त्याचे काम. हिमोग्लोबिन घडविण्यास लोह लागते. प्रौढ माणसाच्या सबंध शरीरात लोह असते ते अवघे तीन ते चार ग्रॅम. त्यातील मोठा हिस्सा रक्तातच असतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातील लोह शरीर जपून ठेवते आणि नव्या पेशीसाठी पुन्हा वापरते. इतका काटकसरी संसार असूनही स्त्रीच्या खात्यात तूट येते, कारण दर महिन्याच्या पाळीत रक्ताबरोबर साधारणतः पंधरा ते वीस मिलिग्रॅम लोह बाहेर जाते. गर्भारपणात तर गर्भ, वार आणि वाढलेले रक्त यांसाठी सुमारे एक ग्रॅम लोह अधिक लागते. जमा तेवढीच आणि खर्च जास्त असला की शिल्लक संपते. प्रथम यकृतातील साठा आटतो, आणि त्यानंतरच हिमोग्लोबिन उतरू लागते. म्हणून तपासणीत आकडा कमी दिसतो तेव्हा तूट बरीच जुनी झालेली असते.

गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी, पुरुषात १३ पेक्षा कमी आणि गर्भवतीत साधारणपणे ११ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. त्याची लक्षणे हळूहळू येतात, म्हणून ती अंगवळणी पडतात. जिना चढताना धाप, दुपारी डोके जड होणे, पायांत गोळे, नखे ठिसूळ होणे, केस गळणे, कामात लक्ष न लागणे आणि विनाकारण चिडचिड. तांदूळ निवडताना चार दाणे तोंडात टाकण्याची, खडू अथवा माती खाण्याची अनिवार इच्छा हेही पुष्कळदा लोहाच्या उणिवेचेच चिन्ह असते. "तिचा स्वभावच आळशी आहे" असे जिच्याविषयी घरात बोलले जाते, तिचे रक्त एकदा तपासून पाहावे.

थोडा इतिहास

अन्नातील उणिवेने रक्त कमी होते, हे ज्ञान मिळण्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ साली मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या एका तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. या स्त्रियांच्या आहारातच काहीतरी कमी आहे, हे त्यांनी ओळखले आणि यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने त्या बऱ्या होतात, असे १९३१ साली प्रसिद्ध केले. ते अज्ञात द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. पानावरूनच त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज गर्भवतीला लोहाच्या गोळीबरोबर जे फोलिक ॲसिड देतात, त्याची कथा मुंबईच्या गिरणगावातून सुरू होते.

आपणा हैदराबादकरांना तर या शास्त्राचे माहेरघरच लाभले आहे. सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे लहानशा प्रमाणावर सुरू केलेली आहार-संशोधनशाळा १९५८ साली हैदराबादेस आली, आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. या संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली. पुढील आकडे स्थूलमानाने त्यांवर आधारलेले आहेत.

कशात किती?

दर शंभर ग्रॅम कोरड्या अथवा कच्च्या पदार्थात लोह सुमारे असे असते: सडीक तांदूळ अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम, ज्वारी ४, गव्हाची कणीक ४, पोहे साडेचार, नाचणी साडेचार, बाजरी साडेसहा, तुरीची डाळ ४, अख्खे हरभरे पावणेसात, मटकी ८, पांढरे तीळ १५, अळीव १७, माठाची पाने साडेचार, पालक ३, गूळ साडेचार.

या यादीतून काही समजुती तपासून घेता येतात. बीट तांबडे आहे म्हणून ते रक्त वाढविते, असे पुष्कळांना वाटते; प्रत्यक्षात बीटात लोह एक मिलिग्रॅमच्या आसपास आहे आणि डाळिंबात त्याहूनही कमी. ही फळे-कंदमुळे अवश्य खावीत, पण त्यांच्यावर रक्ताची भिस्त ठेवू नये. गुळाचे आकडे चांगले दिसतात खरे. परंतु गुळाचा खडा वीस ग्रॅमचा धरला तर त्यातून एक मिलिग्रॅमही लोह मिळत नाही, साखर मात्र पोटात जाते. मधुमेह्याने तर या निमित्ताने गूळ खाऊच नये. अळिवात १०० मिलिग्रॅम लोह असते असे जुन्या कोष्टकांवरून अजून लिहिले जाते. नवा आकडा १७ चा आहे. तरीही बाळंतिणीला अळिवाचा लाडू देण्याची आजीबाईंची रीत शहाणपणाचीच ठरते. दुधात लोह जवळजवळ नाही. म्हणून सहा महिन्यांपुढील बाळाला केवळ दुधावर ठेवणे म्हणजे त्याला रक्तक्षयाच्या वाटेवर सोडणे होय.

आता दोन ताटांचा हिशेब करू. प्रौढ स्त्रीने रोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून घ्यावे, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० सालची शिफारस आहे, पुरुषासाठी १९. समजा, एका गृहिणीने दिवसभरात दोनशे ग्रॅम तांदळाचा भात, पातळ वरण आणि तीन लहान पोळ्या खाल्ल्या. तिला लोह मिळाले पाच-साडेपाच मिलिग्रॅम. दुसरीने सकाळी पन्नास ग्रॅम पोहे, दुपारी शंभर ग्रॅम बाजरीच्या भाकऱ्या, चाळीस ग्रॅम मटकीची उसळ व शंभर ग्रॅम माठाची भाजी, रात्री तीन पोळ्या, वरण आणि दहा ग्रॅम तिळाची चटणी घेतली. तिला बावीस मिलिग्रॅम मिळाले. मूठभर भिजवलेले हरभरे आणि एक अळिवाचा लाडू घातला की ती पंचविसाच्या पुढे जाते. दोन्ही ताटांच्या खर्चात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते निवडीत, आणि उसळ तिच्या वाट्यास उरते की नाही यात.

खाल्लेले अंगी लागावे म्हणून

धान्ये, कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोह शरीर फार थोडे शोषून घेते. खाल्लेल्याचा दहावा भागही पुष्कळदा अंगी लागत नाही. मांस, मासे व यकृत यांतील लोह त्या मानाने पुष्कळच सहज शोषले जाते. ज्यांच्या घरी सामिष चालते त्यांनी आठवड्यातून दोनदा तरी स्त्रियांच्या ताटात त्याचा पुरेसा वाटा जाईल असे पाहावे. शाकाहारी घरांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. जेवणाबरोबर आंबट ताजे काही असावे. लिंबू, पेरू, आवळा, कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर यांतील 'क' जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. ते उष्णतेने नष्ट होते, म्हणून लिंबू पोह्यांवर, उसळीवर शिजल्यानंतर पिळावे.

२. चहा-कॉफी जेवणापासून दूर ठेवावी. चहातील तुरट द्रव्य लोहाला बांधून टाकते व शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकते. आपल्या शहराला इराणी चहाची आवड आहे. ती कोणी सोडावी असे नाही. जेवणाच्या आधी व नंतर एकेक तास मध्ये जाऊ द्यावा, एवढेच.

३. कडधान्ये भिजवून, मोड आणून वापरावीत; पीठ आंबवून धिरडी, इडली करावी. मोड आणण्याने व आंबविण्याने लोहाला अडविणारे फायटिक ॲसिड कमी होते.

४. लोखंडी कढईत भाजी-आमटी करावी. टोमॅटो, चिंच, अंबाडी असे आंबट पदार्थ त्यात शिजले की थोडे लोह अन्नात उतरते. शिजल्यावर पदार्थ मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा.

५. वजन कमी करण्यासाठी जेवण वगळू नये. अलीकडे कॉलेजातील मुली सकाळी नुसती कॉफी आणि रात्री फळाची फोड यांवर राहतात. ज्या वयात शरीराला लोहाची सर्वाधिक गरज, त्याच वयात ताट रिकामे होते. वजन उतरवायचे तर तळण, मैदा व साखर कमी करावी. भाकरी, उसळ आणि पालेभाजी कधीही कमी करू नये.

आहार पुरत नाही तेव्हा

एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. रक्तक्षय एकदा जडला की केवळ आहाराने तो लवकर भरून निघत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात. सरकारी कार्यक्रमात गर्भवतीला रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची गोळी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस देण्याची योजना आहे; ती आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळते. गोळीने शौच काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळ अथवा बद्धकोष्ठ झाल्यास गोळी बंद न करता डॉक्टरांस विचारावे. गोळी चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळी घ्यावी. आकडा सुधारला तरी साठा भरण्यास आणखी सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. लहान मुलास त्या विषासमान ठरतात.

परंतु प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असतो असे नाही. शुद्ध शाकाहारी माणसास, विशेषतः दूध-दही कमी घेणाऱ्यास, 'ब-१२' जीवनसत्त्वाची उणीव होऊ शकते. हातापायांस मुंग्या येणे हे तिचे एक लक्षण. अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतात. त्यासाठी पायांत वहाण आणि कृमींचे औषध हवे. थॅलॅसेमियासारखे काही दोष जन्मजात असतात, त्यांत लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे अपायकारक ठरू शकते. पाळीत अतिशय रक्त जात असेल तर "बायकांचे हे चालायचेच" म्हणून सोसू नये. आणि घरातील वयस्क पुरुषाचे हिमोग्लोबिन उतरले तर ताटाकडे बोट न दाखविता, पोटात कोठे रक्तस्राव होतो आहे का, याची तपासणी त्वरित करून घ्यावी.

रक्तक्षयी मातेला बाळंतपणात थोडा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. तिचे बाळ वेळेआधी अथवा कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो. म्हणून हा प्रश्न एकट्या स्त्रीचा नाही, सबंध कुटुंबाचा आहे. सभासद बंधू-भगिनींना विनंती एवढीच की, या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक घराने दोन गोष्टी कराव्यात. एक, घरातील दहा वर्षांवरील सर्व मुली-स्त्रियांचे हिमोग्लोबिन एकवार तपासून त्याची नोंद ठेवावी. दुसरी, रात्रीच्या जेवणास सर्वांनी एकाच पंगतीत बसावे, आणि उसळीचे पातेले पहिल्याने अन्नपूर्णेच्या ताटाकडे सरकवावे.