जुने घर, नवे पाहुणे

(घर जुने झाले की ते पाडावे, असे अनेकांना वाटते. गोव्यातील एका जुन्या घरात मुक्काम केल्यावर लेखकाच्या वडिलांनी आपल्या घराविषयी काय ठरवले, ते या पाठात सांगितले आहे.)

बार्शीटाकळी हे अकोला जिल्ह्यातील जुने गाव आहे. येथील कालंका देवीच्या मंदिरात शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६ चा शिलालेख आहे. याच गावात आमचे घर आहे. त्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आणि हातभर जाड आहेत. खांब सागवानी आहेत. पावसाळ्यात मागची खोली गळत असे. "आता सगळेच पाडून सिमेंटचे घर बांधू," असे अब्बा म्हणत. ठेकेदाराशी बोलणेही झाले होते.

त्या हिवाळ्यात आम्ही एका लग्नासाठी पणजीला गेलो. पाहुण्यांच्या राहण्याची सोय फोंतेन्हास या जुन्या वस्तीत केली होती. या पोर्तुगीज नावाचा अर्थ 'छोटे झरे' असा आहे. वस्तीच्या एका बाजूला आल्तिनो टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचे राज्य होते. त्या काळातील पिवळी, निळी, लाल घरे अरुंद गल्ल्यांमध्ये आजही उभी आहेत. त्यांपैकी काही घरांची आता छोटी हॉटेले झाली आहेत.

आमचे हॉटेलही असेच होते. खोल्या मोजक्याच, छप्पर कौलारू आणि जिना लाकडी. पाय ठेवला की जिना करकर वाजे. अब्बा माझ्या कानाशी म्हणाले, "बेटा, पैसे देऊन जुन्या घरातच राहायचे, तर आपले घर काय वाईट होते?"

सकाळी मी उठलो, तेव्हा अब्बा भिंतीवर हात फिरवत होते. भिंत जांभ्या दगडाची व चुन्याची होती. खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने होती. शिंपल्यांचे पातळ, चौकोनी तुकडे लाकडी चौकटीत बसवले होते. त्यांतून कडक ऊन न येता मऊ उजेड येत होता.

चहाच्या वेळी अब्बांनी मालकांना विचारले, "हे घर इतके मजबूत कसे राहिले?"

मालक हसून म्हणाले, "काका, ते आपोआप राहत नाही. पावसाळ्यापूर्वी कौले चाळावी लागतात. पावसाळ्यानंतर भिंती रंगवाव्या लागतात. एक वर्ष आळस केला, तर पुढच्या वर्षी दुप्पट खर्च येतो. आम्हीही एकदा हे घर विकणार होतो. मग खोल्या पाहुण्यांना देऊ लागलो. त्या भाड्यातून दुरुस्ती होते."

"म्हणजे हे घर स्वतः कमावते आणि स्वतःच खाते!" अब्बा म्हणाले. सगळे हसले. अब्बा मात्र विचारात पडले.

घरी परतल्यावर ते दोन दिवस घर नीट पाहत होते. त्यांनी प्रत्येक खांब ठोकून पाहिला. मागच्या खोलीचे दोन खांब वाळवीने पोखरले होते. तिची भिंतही खचली होती. पुढची बैठक मात्र भक्कम होती. वऱ्हाडातल्या कडक उन्हाळ्यातही ती थंड राहते, कारण जाड मातीची भिंत लवकर तापत नाही.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार आला. अब्बा त्याला म्हणाले, "मागची खोली पाड. ती धोक्याची आहे. तिथे नवी खोली बांध. पण बैठकीला हात लावू नकोस."

अम्मीने विचारले, "पण ती सांभाळणार कोण?"

अब्बा म्हणाले, "कालंकेचे मंदिर पुरातत्त्व खाते सांभाळते. आपल्या घरासाठी कोणते खाते येणार? ते आपल्यालाच सांभाळावे लागेल."

आमच्या गावात पर्यटक फारसे येत नाहीत. त्यामुळे आम्ही हॉटेल काढले नाही. पण बैठक रिकामीही ठेवली नाही. आता तेथे रोज संध्याकाळी गल्लीतील मुले अभ्यासाला बसतात. दरवर्षी मृगापूर्वी अब्बा स्वतः छपरावर माती टाकून घेतात. खाली मुलांचा आवाज आणि वर अब्बांचा!

शब्दार्थ
तावदान – खिडकीच्या चौकटीत बसवलेला काचेचा किंवा शिंपल्याचा तुकडा
कौले चाळणे – छपरावरील कौले काढून पुन्हा नीट बसवणे
वाळवी – लाकूड खाणारा किडा
खचणे – खाली बसणे, कमकुवत होणे
मृग – पावसाळ्याच्या सुरुवातीचे नक्षत्र

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखक पणजीला कशासाठी गेले होते?
(आ) शिंपल्यांच्या तावदानांचा काय उपयोग होतो?
२. 'हे घर स्वतः कमावते आणि स्वतःच खाते,' असे अब्बा का म्हणाले?
३. अब्बांनी घराचा कोणता भाग पाडला व कोणता ठेवला? कारणे लिहा.
४. मजबूत, खर्च, दुरुस्ती हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी तीन शब्द पाठातून शोधा.
५. आपल्या गावातील एका जुन्या घराविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती घेऊन पाच वाक्ये लिहा.