यवतमाळच्या रानातली पानगळ



यवतमाळ जिल्ह्यातल्या रानाची पानगळ आश्विन-कार्तिकात होत नाही. शरदात इथले रान पावसाचे पाणी पिऊन हिरवेगार असते आणि शेतात सीतादहीची पूजा करून कापसाच्या पहिल्या वेचणीला हात लागलेला असतो. झाडे पाने सोडू लागतात ती पौष सरता सरता, आणि माघ-फाल्गुनात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळ भरात येते. युरोपात दिवस लहान होतात, कडाक्याची थंडी पडते, म्हणून पाने झडतात. इथे कारण पाण्याचे आहे. वर्षाच्या पावसाचा बहुतेक वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढे मुरमाड टेकड्यांवरची ओल महिन्यामागून महिना खोल जाते, ऊन चढू लागते, आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी मुळांना भरून काढता येईनासे होते. तेव्हा झाड पाने सोडते.

हे डोळ्यांनी पडताळायला पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य उत्तम. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे. अशा रानाला वनशास्त्रात दक्षिण उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वन म्हणतात. साग मुख्य, सोबतीला ऐन, धावडा, मोह, तेंदू, पळस, सालई. फेब्रुवारीच्या मध्यात टेकडीच्या माथ्यावरचा साग पार बोडका झालेला असतो आणि त्याच टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठचा साग अजून पाने धरून उभा असतो. जात एक, हवा एक. फरक फक्त मुळाखालच्या ओलीचा. नाल्यालगतची जांभळे, करंज आणि उंबर तर त्या दिवसांतही हिरवे राहतात. गाईडचे काम शिकणाऱ्याने पर्यटकांना हे दोन साग एका जागेवरून दाखवावेत. पानगळीचे कारण मग फार बोलून सांगावे लागत नाही.

सगळी झाडे एकदम पाने टाकत नाहीत. सालई आणि मोई आधी मोकळ्या होतात. धावडा आपली पाने तांबूस करून मग सोडतो. ऐन मागून येतो, आणि मोह अगदी फुलायच्या तोंडावर. हा क्रम वहीत टिपून ठेवण्यासारखा आहे, कारण पावसाचे मान बदलले की तोही पुढे-मागे सरकतो.

पान तुटणे ही वाऱ्याची करणी नव्हे. तयारी झाडाच्या आत कितीतरी दिवस चाललेली असते. पहिल्यांदा झाड पानातले उपयोगाचे द्रव्य परत ओढून घेते. हरितद्रव्य मोडते, आणि प्रथिनांतला नत्र, तसेच स्फुरद आणि पालाश फांदीकडे व खोडाकडे वळते. नत्र आणि स्फुरद यांचा साधारण निम्मा वाटा असा परत येतो. कॅल्शियम मात्र पानाबाहेर पडू शकत नाही, ते पानाबरोबर जमिनीवर जाते. हिरवा रंग सरला की पिवळा, जो पानात आधीपासूनच असतो, दिसू लागतो. दरम्यान देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो. पानाकडून येणारे ऑक्सिन कमी पडते, इथिलीनचा प्रभाव वाढतो, आणि त्या थरातल्या पेशींना जोडणारे द्रव्य विरघळू लागते. फांदीच्या बाजूने बुचासारखी साल धरून जखम मिटवली जाते. एवढे झाल्यावर पानाच्या स्वतःच्या वजनानेही देठ सुटतो. वादळात मोडलेल्या फांदीवरची पाने वाळूनही महिनोन्महिने लटकत राहतात, ती यामुळेच: त्या फांदीला सोडण्याची तयारी करायला वेळच मिळालेला नसतो. सोडण्याआधी घेण्यासारखे घेणे आणि जखम आधी बंद करणे हा झाडाचा क्रम आहे. घर, गाव किंवा हातचे काम सोडून नव्या वाटेला लागणाऱ्या तरुण माणसाने तो समजून घ्यावा, इतका तो शहाणपणाचा आहे.

सागाचे गळलेले पान एकदा हातात घेऊन नीट पाहावे. ते सहज हातभर लांब असते आणि वरची बाजू खरखरीत लागते. पुष्कळ पाने सबंध नसतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात एका पतंगाची अळी शिरांमधला हिरवा गर खाऊन टाकते आणि शिरांचे जाळे तेवढे ठेवते. असे पान उन्हाकडे धरले की मधली जाड शीर, तिला फुटलेल्या आडव्या शिरा आणि त्यांना जोडणारे बारीक धागे मासे धरायच्या जाळ्यासारखे स्पष्ट दिसतात. पाणी पानाच्या कानाकोपऱ्यात कसे पोहोचत होते याचा याहून चांगला नकाशा पुस्तकात सापडणे कठीण. अळीने जाळी केलेला साग त्यामुळे मरत नाही, फक्त त्या वर्षी त्याची वाढ कमी होते.

या दिवसांत रान दिसते त्याहून अधिक ऐकू येते. झाडांवर पाने असतात तेव्हा ती बारीक, उंच स्वरांचे आवाज विखरून टाकतात. पाने उतरली की तो अडसर जातो. शिवाय पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो आणि दूरवर पोहोचतो. ऐकण्याची वेळ म्हणून सूर्य उगवण्याआधीची. पण त्या वेळी पाचोळा दवाने मऊ असतो आणि पावले वाजत नाहीत. तेव्हा हाका ऐकाव्यात. ऊन वर आले की पाचोळा कडक होतो, मग पावले ऐकावीत.

पावलांची ओळख सरावाने होते. सातभाईंचा थवा पाने उलटीपालटी करत पुढे सरकतो, त्याची खसखस एका जागी फार वेळ राहत नाही. सरडा एकदम सुसाट पळतो आणि एकदम थांबतो. रानडुकरांचा कळप न थांबता पाचोळा उपसत जातो. चितळ चार पावले टाकते, थांबते, पुन्हा चार टाकते. रोह्याचे, म्हणजे नीलगाईचे, पाऊल जड, अंतर राखून पडणारे. वाघाचे पाऊल बहुधा ऐकूच येत नाही: वाजणारा पाचोळा टाळून तो गाडीवाटेची धूळ किंवा नाल्याची वाळू धरतो, म्हणून पानगळीच्या दिवसांत त्याचे ठसे तिथेच शोधावेत. तो जवळ असल्याचे इतर प्राणी सांगतात. चितळ तीक्ष्ण स्वरात हाक देते, वानर झाडावरून खाकरते, भेकर थांबून थांबून भुंकते, सांबर मोठ्याने एकच आवाज काढते. चितळ लहानसहान कारणानेही बिचकते. सांबराने पुन्हा पुन्हा हाक दिली तर तिकडे लक्ष द्यावे.

असे ऐकता यावे यासाठी शिकणाऱ्याला काही गोष्टी सोडाव्या लागतात, आणि त्यातली पहिली म्हणजे वाघ दाखवण्याची घाई. पर्यटकांना वाघ हवा असतो, गाडी इकडून तिकडे धावते, आणि इंजिनाच्या आवाजात रान सांगत असलेले सगळे बुडून जाते. चांगला गाईड नाल्याच्या वळणावर गाडी बंद करायला लावतो, माणसांना दहा मिनिटे गप्प बसवतो. सुरुवातीला लोक चुळबुळ करतात. मग कुणाच्या तरी कानावर वारा नसतानाही सागाचे एक पान फांद्यांवर आपटत, खडखडत खाली येताना पडते, आणि गाडीतली कुजबुज आपोआप थांबते. त्या शांततेत वाघ आला तर आनंदच. नाही आला तरी फेरी वाया गेली असे गाईडने म्हणू नये, मनातही आणू नये.

पाने गेल्यावर झाड निपचित पडून राहते हा समज चुकीचा आहे. पानांवाटे होणारी पाण्याची गळती थांबली की मुळांनी खोलवरून ओढलेले थोडे पाणीही खोडात साठते, सुकलेले खोड पुन्हा ओलावते आणि कळ्या फुगू लागतात. पळस हे याचे ठळक उदाहरण. पाने टाकून तो फेब्रुवारी-मार्चमध्ये केशरी होतो, आणि मैना, बुलबुल, शिंजीर आणि भोरड्यांचे थवे मधासाठी त्याच्यावर उतरतात. त्याच सुमारास तांबटाची ठोक्यासारखी हाक दिवसभर चालते. मार्चमध्ये मोह फुलतो. त्याची रसाळ फुले पहाटे गळतात आणि कोलाम व गोंड कुटुंबे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. साग मात्र घाई करत नाही. त्याला पाने फुटतात ती पावसाच्या आगेमागे.

शेतातही सोडण्याची वेळ असते, आणि ती न पाळल्याची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. तूर पिकता पिकता आपली पाने जमिनीवर टाकते आणि त्यातला नत्र पुढच्या पिकाला मिळतो, त्यासाठी शेतकऱ्याला काही करावे लागत नाही. कापसाचे तसे नाही. डिसेंबरनंतरही पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवायची आणि उरल्यासुरल्या बोंडांतून आणखी दोन-चार क्विंटल कापूस काढायचा, याला फरदड म्हणतात. गरजेपोटी ती घेतली जाते, म्हणून शेतकऱ्याला बोल लावणे बरोबर नाही. पण उभ्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळीला हंगाम संपल्यावरही अन्न मिळत राहते, आणि पुढच्या वर्षीच्या पिकावर ती लवकर आणि मोठ्या संख्येने येते. २०१७ च्या हंगामात याच अळीने यवतमाळसह विदर्भातल्या कापसाची मोठी हानी केली. डिसेंबरअखेर वेचणी आटोपावी, शेतात शेळ्या-मेंढ्या सोडून उरलेली बोंडे चारावीत, पऱ्हाटी उपटून शेत मोकळे करावे, ही शिफारस तेव्हापासून गावोगाव सांगितली जाते. रानात राहून शिकणाऱ्यालाही शेत सुटलेले नसते. घरच्या धुऱ्यावर त्याने हे आग्रहाने सांगावे.

गळलेल्या पानांचे पुढे काय होते, ते त्यांना कुणी आग लावतो की नाही यावर ठरते. आग नसेल तर वाळवी, बुरशी आणि किडे काम सुरू करतात. जूनचा पहिला जोरदार पाऊस थेट मातीवर न आपटता पाचोळ्यावर पडतो, माती वाहून जात नाही, पाणी सावकाश मुरते, आणि पानात राहिलेले कॅल्शियम जमिनीत परत जाते. आग लागली की बराचसा नत्र धुराबरोबर उडून जातो. मोठा साग जाड सालीमुळे तगतो, पण रोपे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांना वाचायला जागा नसते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम. त्याआधी जाळरेषा साफ करून ठेवतात. मोहाखाली फुले नीट दिसावीत म्हणून पाला पेटवला जातो आणि तीच आग वाऱ्याने रानात शिरते. मोह वेचणाऱ्यांशी याबद्दल बोलताना दमदाटी करू नये. त्यांचे वर्षाचे पोट त्या फुलांवर असते. झाडाखालचा पाला पेटवण्याऐवजी झाडून कडेला लावावा किंवा खाली जुने कापड, साडी, जाळी अंथरावी. यात फुलेही स्वच्छ मिळतात आणि वेचायला कमी वाकावे लागते, हे स्वतः एक सकाळ सोबत वेचून दाखवावे. धूर दिसला तर आधी जवळच्या वनरक्षकाला कळवावे. त्याचा नंबर लागला नाही तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, आणि जागा सांगताना गावाचे, नाल्याचे आणि टेकडीचे नाव सांगावे.