बरगडी सापडल्यावर

मावला, जि. आदिलाबाद

चि. सोनू,


अपघाताच्या पेशंटच्या छातीच्या फिल्मवर तू मोडलेली बरगडी बरोबर पकडलीस, पण वरची, क्लॅव्हिकलच्या आडची गाठ सरांनी दाखवली. तेव्हापासून तुला वाटतंय की आपली नजरच या कामाची नाही. हे आधी डोक्यातून काढ. बरगडी सापडली आणि तुझा शोध तिथेच थांबला, एवढंच झालंय. टडनहॅम नावाच्या रेडिऑलॉजिस्टने 1962 सालीच यावर लिहून ठेवलंय. आमच्या मावल्यावरून चव्वेचाळीस नंबरचा हायवे जातो, म्हणून हे मी जवळून पाहतो. अपघाताच्या फिल्मांत ही चूक ठरलेली. सगळ्यांना मोडलेलं हाड हवं असतं, ते मिळालं की सुटलो!

गारलँड नावाच्या रेडिऑलॉजिस्टने 1949 साली तरबेज लोकांचा हिशेब मांडला, तेव्हा दोष असलेल्या छातीच्या फिल्मांपैकी सुमारे 30 टक्के त्यांच्या हातून निसटत होत्या. तीच फिल्म काही काळाने परत दिली, तर कित्येकदा माणूस स्वतःचंच मत खोडायचा. 2013 सालचा प्रयोग तर तू ऐकला असशील. छातीच्या सीटीत गोरिलाचं चित्र घातलं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. 24 पैकी 20 रेडिऑलॉजिस्टना ते दिसलं नाही. त्या 20 पैकी 12 जणांचे डोळे थेट त्याच्यावर जाऊन आले होते! म्हणजे चष्म्याचा नंबर वाढवून हे दुखणं जात नाही.

कुंडेल आणि नोडीन या संशोधकांनी डोळ्यांची हालचाल टिपून चुकांचे तीन प्रकार केले: नजर तिथे गेलीच नाही, गेली पण ओळख पटली नाही, बराच वेळ रेंगाळली आणि मनाने 'काही नाही' म्हणून सोडून दिलं. पहिल्यावर उपाय म्हणजे ठरलेली वाट. फुफ्फुसांची दोन्ही शिखरं डावी-उजवी ताडून बघायची, मग क्लॅव्हिकलच्या मागे, हायलम, हृदयाच्या आड, डायाफ्रामच्या घुमटाखाली, शेवटी फिल्मच्या कडा. ठळक गोष्ट सापडली की ती लिहून टाक, तिच्यावर तळहात ठेव आणि वाट पुन्हा पहिल्यापासून चाल. मध्येच फोन आला तरी पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे, पण मला यापेक्षा भरवशाचं काही माहीत नाही.

तिसरा प्रकार आपल्या भागात जास्त छळतो. टीबी इतका पाहिलेला असतो की वरच्या भागात सावली दिसली की हात आपोआप 'ओल्ड कॉक्स', म्हणजे जुना टीबी, लिहून मोकळा होतो. मग साठीतला बिडी ओढणारा माणूस महिनोन्‌महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, घेत बसतो आणि कॅन्सर वाढत राहतो. नजर चुकलेली नसते, निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून फिल्म पहिल्यांदा बघताना केसपेपर उलटा ठेव, दुसऱ्यांदा वाचून बघ. आणि जुने फोटो मागितल्याशिवाय 'ओल्ड' लिहूच नकोस. आपली माणसं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळी करून सगळे फोटो आणतात आणि बिचारी ती पिशवी मांडीवरच ठेवून बसतात, कारण कुणी विचारतच नाही. तू विचार.

आता संगणकही छातीचे फोटो वाचतो. टीबीच्या तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही 2021 साली, 15 वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी, त्याला होकार दिला. जिथे वाचणारा डॉक्टरच नाही तिथे तो देवासारखा धावून येतो. तुझ्यासाठी मात्र त्याने केलेली खूण म्हणजे आणखी एक बरगडी समज. आधी स्वतःचं वाचन, मग त्याची खूण.

त्या पेशंटच्या सीटीत काय निघालं ते कळव. फिल्मची एक प्रत नाव-गाव काढून स्वतःजवळ ठेव, सरांना विचारून. पोळ्याला येणार असशील तर आधी फोन कर. मामीला पुरणाचा अंदाज हवाय.

तुझा
मामा