पदव्युत्तर प्रवेश आणि जपानी भाषेची परीक्षा

प्रश्न : जपानमध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी कोणती भाषापरीक्षा द्यावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ‘ईजेयू’ ही परीक्षा मुख्यतः पदवीप्रवेशासाठी असल्याने पदव्युत्तर इच्छुकाने ‘जेएलपीटी’, म्हणजे एन-५ ते एन-१ अशा चढत्या स्तरांची जपानी भाषाक्षमता परीक्षा, द्यावी, जपानी माध्यमातील अभ्यासक्रम बहुधा एन-२ किंवा एन-१ मागतात आणि कोल्हापूरकरांना पुण्याचे केंद्र जवळ पडते. एन-२ला १८०पैकी ९० गुण पुरतात, मात्र भाषाज्ञान, वाचन व श्रवण या प्रत्येक विभागात ६०पैकी किमान १९ गुण लागतातच. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जात असल्याने केवळ कांजी, म्हणजे चिनी उगमाची लिपिचिन्हे, घोकून भागत नाही. परीक्षेत लेखन तपासले जात नसले, तरी संशोधन-आराखडा जपानीत लिहिण्याचा सराव आतापासूनच सुरू करावा.