मांडीवरचे बाळ आणि गतीचा नियम

बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही कधी उभ्याने प्रवास केला आहे का? वळणावर अचानक एखादी म्हैस आडवी येते. ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो. उभे असलेले सारे प्रवासी एकदम पुढे झुकतात, आणि फळीवरची एखादी पिशवी धप्पकन खाली येते. या लोकांना मागून कोणी ढकलले बरे?

कोणीच नाही! ब्रेक लागण्यापूर्वी बस पुढे जात होती आणि तिच्याबरोबर प्रवासीही पुढे जात होते. ब्रेकने फक्त बसला थांबवले. प्रवाशांना कोणी थांबवलेच नाही, म्हणून ते आपल्या पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ लागले. पदार्थाच्या या गुणधर्माला जडत्व म्हणतात. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात गतीचे जे तीन नियम मांडले, त्यांतील पहिला नियम हाच आहे.

बसमध्ये आपण दांडी घट्ट धरतो आणि वाचतो. पण गाडी ब्रेकने नव्हे, तर झाडावर आदळून थांबली तर? आणि आईच्या मांडीवर लहान बाळ असेल तर? आज आपल्याला याच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

आजीचा प्रश्न

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. समजा, अंबाजोगाईच्या एका परिचारिकेला तिकडच्या रुग्णालयात नोकरी मिळाली. बरोबर नवरा, सात वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचे बाळ. कपडे, मसाले, लोणच्याची बरणी अशी बांधाबांध चालू आहे. तेवढ्यात तिकडून निरोप येतो : "विमानतळावर गाडी घेऊन येतो. पण दोन्ही मुलांच्या सीटांची आधी सोय करावी लागेल. त्यांच्याशिवाय मुलांना गाडीत बसवता येणार नाही."

आजी म्हणते, "अगं, माझ्या मांडीवर चार लेकरं वाढली. मांडीपेक्षा बरी जागा असती का कुठं?"

आजीचा हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तिच्या मायेत काही कमी नाही. कमी पडते ते हातांचे बळ. किती कमी पडते, ते आपण मोजूनच पाहू.

थांबायला किती जागा?

गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. गाडी झाडावर आदळली. तिचा पुढचा भाग चेपला आणि अर्ध्या मीटर अंतरात ती थांबली. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले की वेग किती झपाट्याने घटला हे कळते. १३.९ चा वर्ग सुमारे १९३, आणि अंतराची दुप्पट १ मीटर. म्हणून वेग घटण्याचा दर झाला १९३ मीटर प्रति सेकंद वर्ग. हा गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ २० पट आहे!

बाळाचे वस्तुमान ८ किलोग्रॅम धरले, तर त्याला गाडीबरोबर थांबवण्यासाठी ८ × १९३, म्हणजे सुमारे १५४४ न्यूटन बल लागेल. हे बल दीड क्विंटलहून अधिक वजनाएवढे झाले. खताची ५० किलोची तीन पोती हातावर अचानक येऊन पडावीत, तसे! आणि हे सारे घडायला वेळ लागतो सेकंदाच्या चौदाव्या भागाएवढा. 'बाळाला घट्ट धरावे' हा विचार मनात येण्यापूर्वीच सगळे घडून गेलेले असते.

म्हणजे बाळ हातून सुटणारच. सुटलेले बाळ ताशी ५० किलोमीटर वेगाने पुढे जाते आणि समोरच्या कठीण भागावर आपटते. तेथे त्याला थांबायला अर्धा मीटर नाही, जेमतेम ५ सेंटिमीटर मिळतात. अंतर दहापट कमी, म्हणून बल दहापट जास्त! दुसऱ्या रीतीने सांगायचे तर, सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, पडणारी वस्तू याच वेगाने जमिनीवर आदळते. गच्चीच्या कडेला बाळाला घेऊन आपण बसू का? कधीच नाही. पण गाडीत मात्र बसतो, कारण वेग डोळ्यांना उंचीसारखा दिसत नाही.

काही जण मूल मांडीवर घेतात आणि आपलाच पट्टा दोघांभोवती बांधतात. हे तर अधिकच वाईट. धडकेच्या वेळी मोठ्या माणसाचे सारे शरीर पुढे रेटले जाते आणि मूल त्याच्या व पट्ट्याच्या मध्ये चिरडले जाते.

पट्टा काय करतो?

क्रिकेटमध्ये वेगाने आलेला चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता. का? चेंडूला थांबायला जास्त अंतर मिळावे म्हणून. तसे केले नाही तर हात झिणझिणतात. गाडीतील पट्टाही हेच करतो. तो माणसाला गाडीशी जोडतो. गाडी चेपताना जे अंतर मिळते, ते पट्ट्यामुळे माणसालाही मिळते. थोडक्यात, पट्टा माणसाला गाडीबरोबर थांबवतो. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा तीन बिंदूंचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन याने तयार केला आणि १९५९ साली तो गाड्यांत बसवला जाऊ लागला.

हा नियम मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, याची कडवट आठवण बीड जिल्ह्याला आहे. ३ जून २०१४ रोजी बीडचे खासदार आणि केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथराव मुंडे यांचा दिल्लीत मोटार अपघातानंतर मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर बसले होते. मागचा पट्टा केवळ शोभेचा असतो या गैरसमजाने आपला मित्र गेला, तो बांधला असता तर त्यांचा जीव वाचू शकला असता, असे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी पुढे सांगितले.

मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे

मग बाळालाही तोच पट्टा बांधला तर? चालणार नाही. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. मोठ्या माणसात हेच प्रमाण सातवा ते आठवा हिस्सा असते. बाळाचे डोके जड, मान नाजूक, आणि मानेच्या मणक्यांचा काही भाग अजून कूर्चेचाच. समोर तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्याने रोखले, तरी डोके झटक्याने पुढे जाईल आणि सारा ताण मानेवर येईल.

यावर एक सुंदर युक्ती सापडली. अमेरिकेच्या जेमिनी यानातील अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठ टेकून असत, त्यामुळे रेटा साऱ्या पाठीवर विभागला जाई. त्यावरून स्वीडनचे बर्टिल आल्डमन यांना कल्पना सुचली, आणि १९६४ साली मागे तोंड करून बसवायच्या मुलांच्या सीटचा पहिला नमुना तपासला गेला. धडक बसली की बाळ सीटच्या पाठीत रुतते. डोके, मान आणि पाठ एकत्र थांबतात. बल तेच, पण ते मोठ्या क्षेत्रफळावर पसरते. म्हणून दाब कमी होतो.

सात वर्षांच्या ताईची अडचण वेगळी. मोठ्यांचा पट्टा तिच्या खांद्याऐवजी मानेवरून आणि कमरेच्या हाडांऐवजी पोटावरून जातो. पोटात आतडी, यकृत, प्लीहा असे मऊ अवयव. धडकेत पट्टा तेथेच रुततो. म्हणून तिला उंच बैठक देतात. त्यावर बसली की पट्टा खांद्याच्या आणि कमरेच्या मजबूत हाडांवर बरोबर येतो.

देशोदेशीचे नियम

आता आपल्या कुटुंबाला आलेल्या निरोपाचा अर्थ लागेल. जर्मनीत १२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मान्यताप्राप्त सीटवरच बसवावे लागते. मान्यतेची खूण सीटवर असते : वर्तुळात रोमन लिपीतील 'ई' हे अक्षर आणि एक अंक. संयुक्त राष्ट्रांच्या १२९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे बनवलेल्या सीटमध्ये बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत त्याचे तोंड मागेच ठेवावे लागते. पुढच्या सीटसमोरची हवेची पिशवी चालू असेल, तर तेथे मागे तोंड असलेली सीट ठेवण्यास मनाई आहे. ती पिशवी डोळ्यांचे पाते लवण्याच्या आत फुगते आणि बाळाच्या सीटवरच जोराने आदळते.

ब्रिटनमध्ये ही मर्यादा १२ वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. पहिला कायदा टेनेसी राज्यात १९७८ साली अमलात आला. ऑस्ट्रेलियात सात वर्षांखालील मुलांना सीट सक्तीची आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांची सीटची मानके स्वतंत्र आहेत. युरोपात घेतलेली सीट तेथे चालत नाही. म्हणून ज्या देशात राहायचे, तेथील खुणेचीच सीट घ्यावी, आणि विमानतळावरून घरी जाण्याच्या पहिल्या प्रवासापूर्वीच तिची व्यवस्था करावी.

थंड देशासाठी आणखी एक सूचना. फुगीर कोट घालून मुलाला सीटमध्ये बांधू नये. धडकेत कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा बांधावा, मग वरून कोट किंवा पांघरूण घालावे.

आणि आपल्याकडे?

हे नियम परदेशातच आहेत असे समजू नका. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याप्रमाणे १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने सुरक्षित केलेले नसेल, तर १००० रुपये दंड आहे. चार वर्षांखालील मुलाला मोटारसायकलवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाला हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

पण जर्मनीला जाणारी घरे थोडी. दरवर्षी दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणि ट्रकमध्ये भांडी, सरपण, शेळ्या आणि त्यांच्यावर बसलेली लहान मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. तुमच्या वर्गातील एखादा मित्रही त्यात असेल. त्या मुलांना पट्टा नाही, सीट नाही, धरायला दांडीसुद्धा नाही. देशाची सीमा ओलांडली की कायदा बदलतो, पण गतीचा नियम बदलत नाही. ट्रॉलीवरच्या बाळाला आणि जर्मनीतल्या बाळाला तो सारखाच लागू आहे.

हा दोष त्या आईबापांचा नाही. त्यांना दुसरे वाहन दिलेले नसते. मालवाहू वाहन माणसांसाठी बनवलेलेच नाही. सामान ट्रॉलीत आणि माणसे बसमध्ये, एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ जीव वाचतील. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची शाळा तर वाचतेच, शिवाय ट्रॉलीवरचा प्रवासही टळतो.

आणि आजी? तिला खताच्या तीन पोत्यांचा हिशेब सांगा. आयुष्यभर पोती उचललेल्या माणसाला तो चटकन पटतो.

करून पाहा

एक खेळण्यातला ट्रक घ्या. त्यावर शाडूच्या ओल्या मातीची बाहुली बसवा. पुस्तकांवर फळी टेकवून उतार करा आणि खाली वीट ठेवा. ट्रक सोडा. वीट लागताच बाहुली कोठे जाते? आता बाहुलीला बारीक दोऱ्याने ट्रकला बांधा आणि पुन्हा सोडा. दोरा मातीत किती रुतला? तिसऱ्या वेळी दोन बोटे रुंद कापडी पट्टीने बांधा. चौथ्या वेळी बाहुलीची पाठ ट्रकच्या टपाला टेकवून, तोंड मागे करून बसवा. प्रत्येक वेळी मातीवर उमटलेली खूण वहीत काढा.

विचार करा

१. गाडीचा वेग सेकंदाला २० मीटर (ताशी ७२ किलोमीटर) आहे. ती अर्ध्या मीटरमध्ये थांबली. १० किलोच्या बाळाला तिच्याबरोबर थांबवण्यास किती बल लागेल?

२. वेग दुप्पट झाला तर हे बल किती पट होईल?

३. तुमच्या गावात मुले कोणकोणत्या वाहनांतून शाळेत येतात? त्यांतील किती मुलांना पट्टा किंवा हेल्मेट असते? एक आठवडा नोंद ठेवा आणि ती वर्गात वाचून दाखवा.

(उत्तरे : १. ४००० न्यूटन, म्हणजे सुमारे चार क्विंटल वजनाएवढे. २. चौपट.)